श्वास पाहायचा की घ्यायचा

आमच्या बाबांना एखादी गोष्ट करायला सांगितली की ते ती करतात. टाळत नाहीत, विसरत नाहीत, वेळ चुकवत नाहीत. फक्त आपण सांगितलेली करत नाहीत, त्यांना समजलेली करतात. हे आपल्या लक्षात येईपर्यंत दीड-दोन महिने निघून जातात, आणि तोवर आपण फोनवर "वा, असंच चालू ठेवा" म्हणत बसलेलो असतो.

बाबा निवृत्त शिक्षक. अकोल्याच्या जुन्या शहरात राहतात; आई गेल्यानंतर काही वर्षांनी भाऊ आणि वहिनी बदली होऊन त्यांच्याकडे राहायला आले. मी लग्नानंतर अमरावतीची झाले, नोकरीही तिथेच. अकोल्याच्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. वाचणारे म्हणजे बाबा, मी शाळेत होते तेव्हापासून. एरवी घरात ते "मले, तुले, काऊन" असं खणखणीत वऱ्हाडी बोलतात. ग्रंथ हातात घेतला की मात्र इतकं शुद्ध, इतकं सावकाश वाचतात, की लहानपणी मला वाटायचं, हे आपले बाबा नाहीतच, शाळा तपासायला आलेले कोणी साहेब आहेत.

मागच्या वर्षावासात हा आवाज बिघडला. आधी नुसती खरखर होती. मग पान संपेपर्यंत दोनदा खोकला यायला लागला, मग वाक्यं मध्येच तुटायला लागली. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी. शेवटचे काही दिवस विहाराच्या समितीतल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी वाचून वेळ निभावून नेली. समारोपाला अध्यक्ष बाबांना म्हणाले, "गुरुजी, लय वर्षं वाचलं तुमी. पुढच्या साली आता आराम करा." आदरानेच म्हणाले, हात जोडून म्हणाले. बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि वहिनीला विचारलं, "वाचन नाई तं मंग मी संध्याकाळी कुठी जाऊ?"

वहिनीने हे मला फोनवर सांगितलं आणि मी त्याच क्षणी ठरवलं की पुढच्या आषाढीला बाबाच वाचणार. माझा स्वभावच तसा आहे. ठरवायला मला वेळ लागत नाही, बाकीच्यांना पटवण्यात मात्र नाकी नऊ येतात.

आधी उपायांचा महापूर आला. अकोल्यात तुम्ही कोणाला "ॲसिडिटी" म्हणून तर पाहा. भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाच्या घरी एक हमखास उपाय असतो आणि तो प्रत्येकाच्या मावसभावाला लागू पडलेला असतो. थंड दूध प्या. दूध अजिबात पिऊ नका. ओवा चावा. जिरे भिजवा. खायचा सोडा घ्या. एकाने सांगितलं, जेवल्यावर जोरजोरात पोट आत मारायचं, सगळं पित्त जळून जातं. बाबांनी इमानदारीने तेही केलं, भरल्या पोटी, आणि जेवलेलं सगळं बेसिनमध्ये गेलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, याहून दुसरं काय म्हणणार? एवढं सगळं करायला हे गृहस्थ तयार, पण ताटातला ठेचा कमी करायला मात्र तयार नव्हते. "ठेच्यानं कोनाले काई झालं काय आजवर?" असं ते ठेचा खाता खाता विचारायचे.

आणि विहारातली संध्याकाळ हा तर वेगळाच विषय. वर्षावासात वाचन झालं की पाळीपाळीने एकेका घरून खायला येतं. कोणाकडची खीर, कोणाकडचे आलुबोंडे, कोणी हौसेने जिलेबी आणतं. वाचणाऱ्याला आधी वाढतात, भरभरून वाढतात. बाबा कोणालाच नाही म्हणत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, "एकाच्या घरची खीर खाल्ली अन् दुसऱ्याचा बोंडा ठेवून देल्ला, तं त्याले काय वाटन? दिवसभर कामाले जाऊन रातच्याले बोंडे तयते ते लोकं."  घसा यांचा जळतो, आणि मन मात्र दुसऱ्याचं सांभाळायचं असतं.

शेवटी मी त्यांना अमरावतीला आणलं. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घशाला स्वतःचा काही आजार नाही, म्हणाले. पोटातलं आम्ल वर येतं आणि घसा भाजून काढतं. गोळ्या दिल्या. रात्रीचं जेवण लवकर आणि थोडं, उशाकडची बाजू उंच, तिखट-तळलेलं कमी, हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, गोळ्यांच्या जोडीला श्वासाचे व्यायामही करून पाहा, आणि त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं.

बाई तरुण होत्या, पण समजावून सांगण्याची हातोटी होती. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, स्नायूचा. अन्ननलिका त्या पडद्यातूनच खाली पोटात उतरते. आपण वरवर, छातीने श्वास घेत राहिलो की त्या पडद्याला कामच उरत नाही. पोटाने खोल श्वास घेतला की तो वरखाली होतो, मजबूत होतो, आणि अन्ननलिकेचं खालचं तोंड आवळून धरायला मदत करतो. "एकदम फरक पडणार नाही काका," त्या म्हणाल्या, "पण पडायची शक्यता चांगली आहे. रिकाम्या पोटी, उताणं झोपून करायचं. पोटावर एखादं हलकं पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, सोडताना खाली. छाती हलू द्यायची नाही. आणि सोडायचा अगदी सावकाश."

बाबांनी मान डोलावली. बाईंनी विचारलं, समजलं का? बाबा म्हणाले, "श्वासाचं मले समजते. त्याचं शिबिर केलं हाय मी." बाई खूश झाल्या. मीही खूश झाले. तिथेच माझं चुकलं.

बाबा अकोल्याला परतले. मी रोज ऑफिसला निघताना स्कूटरवर बसण्याआधी फोन करायची. "केला का श्वासाचा व्यायाम?"

"केला नं."

"नीट केला?"

"सकाळी उठून केला. चांगला अर्धा तास."

अर्धा तास! बाईंनी तर पाच-दहा मिनिटं पुरे म्हटलं होतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले, आमचे बाबा या वयातही किती शिस्तीचे आहेत. पण घसा होता तसाच. वहिनी सांगायची, "ताई, राती खोकलतच असतात वं बाबा." मी डॉक्टरांना नावं ठेवली. गोळीची कंपनी बदलून पाहिली. उशाखाली आणखी एक उशी घालायला लावली तर बाबांची मान धरली. पी हळद हो गोरी असं होत नसतं, हे मला कळतं, पण आषाढी जवळ यायला लागली होती आणि माझा धीर सुटत चालला होता.

एका रविवारी मी न सांगता सकाळच्या पहिल्या गाडीने अकोल्याला गेले. दार वहिनीने उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. समोरच्या खोलीत चटईवर बाबा मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, डोळे मिटलेले. झोपलेले नव्हते. पोटावर पुस्तक नव्हतं. पोट हलत नव्हतं, छाती हलत नव्हती, मिशीचा केससुद्धा हलत नव्हता. मी दारातच बॅग धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, मला पाहून हसले आणि वहिनीला म्हणाले, "चहा ठेव, तुही ताई आली."

मी म्हटलं, "बाबा, व्यायाम कधी करणार?"

"झाला नं आता. तुह्यासमोर तं केला."

"पण पोट कुठे हललं?"

"पोट काऊन हलन? मी श्वास पाहून राहिलो होतो."

म्हणजे इतके दिवस हे श्वास *पाहत* होते. नाकपुडीपाशी लक्ष ठेवून, येणारा येतो, जाणारा जातो, लांब असला तर लांब, आखूड असला तर आखूड. आई गेल्यानंतर ते ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले होते आणि तिथे हेच शिकले होते. बाईंनी "श्वास" म्हटल्याबरोबर यांनी मान डोलावली ती त्या श्वासाला! मी अमरावतीतून रोज विचारणार, हे अकोल्यातून रोज "केला" म्हणणार, आणि दोघंही खरं बोलणार. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"बाबा, ते ध्यान आहे! हे औषध आहे! श्वास मुद्दाम खोल घ्यायचाय, पोट फुगवून!"

"मुद्दाम नाई घ्याचा. हेच तं शिकोलं आमाले. श्वासाले ओढाचं नाई, ढकलाचं नाई. जसा हाय तसा पाहाचा."

"अहो, पण डॉक्टर—"

"डाक्टरचा श्वास वेगळा हाय काय? श्वास तं एकच हाय नं?"

मी अजूनच चढ्या आवाजात बोलायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, तुम्हाला बरं व्हायचंच नाही, तुम्हाला नुसतं आम्हाला पळवायचंय. म्हटलं, तुम्ही साधी एक गोष्ट बदलायला तयार नसता. श्वास हा श्वास आहे, त्यात एवढं धरून ठेवण्यासारखं काय आहे?

बाबा आवाज चढवत नाहीत. घसा चांगला होता तेव्हाही चढवायचे नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुही माय गेली तवा मले झोप नोहती. जेवन जात नोहतं. तुमी दोघं आपापल्या घरी, नोकरीवर. मी या खोलीत बसून राहो. तवा माह्याजवळ फक्त श्वास होता. तो येत होता अन् जात होता. मी त्याले बोलावलं नाई. आपल्या मनानं येत होता तो. त्याच्या भरोशावर जगलो मी. आता कोनी म्हनलं म्हनून त्याच्यावर जबरदस्ती करू?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदराने डोळे पुसायला लागली. मला रडूही येईना. मी अमरावतीहून चांगली चिडून आले होते, आणि आता चिडायला जागाच उरली नव्हती, याचाच मला राग आला. बाबांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, शिबिराहून आले, बरे झाले. आम्ही दोघं भावंडं फोनवर तसंच म्हणायचो, बाबा आता बरे आहेत.

 मग वहिनीच म्हणाली, "बाबा, तुमच्या शाळेत मराठीचा तास वेगळा अन् पीटीचा वेगळा राहे का नाई?"

"राहे."

"मंग सकाळी मराठीचा घ्या. संध्याकाळी पीटीचा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर वेळापत्रक पाळलं त्याला वेळापत्रकाबाहेरचं काही सांगून उपयोग नव्हता. इतक्या वर्षांत हे मला, त्यांच्या मुलीला, सुचलं नव्हतं. "पीटी असन तं जमते," ते म्हणाले. "पीटीत हात-पाय हालवाच लागतेत."

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं तर ते आमचं घर कसलं? आता पुस्तकाचा प्रश्न आला. मी त्यांना चटईवर उताणं झोपवलं आणि म्हटलं, पोटावर एक हलकं पुस्तक ठेवूया. बाबा तसेच उठून बसले.

"पुस्तक पोटावर?"

"हो. बाईंनी सांगितलं होतं ना."

"आपल्या घरी कोनतं पुस्तक पोटावर ठेवासारखं हाय, सांग बरं मले."

मी कपाटाकडे पाहिलं. वरच्या खणात संविधान आणि ग्रंथ, कापडात गुंडाळलेले. खाली त्यांच्या शाळेची जुनी पुस्तकं, ब्राऊन पेपरची कव्हरं घातलेली. हा माणूस पुस्तक जमिनीवर ठेवू देत नाही. लहानपणी पुस्तकाला पाय लागला तर त्या पुस्तकाची माफी मागावी लागायची, आणि ती मोठ्याने मागावी लागायची. मी नाद सोडला. वहिनीने डब्यातून तुरीच्या डाळीचा अर्ध्या किलोचा पुडा आणून त्यांच्या पोटावर ठेवला. बाबांनी पुड्याकडे संशयाने पाहिलं, पण चालवून घेतलं.

डाळ काही हलेना. छाती वर जायची, खांदे वर जायचे, भुवया वर जायच्या, पुडा जागच्या जागी. मी म्हटलं, "पोट बाहेर काढा, बाबा." ते म्हणाले, "चारचौघांत पोट बाहेर काढून वावरलो नाई मी कधी." तेही खरंच. शाळेच्या मैदानावर पोरांना "पोट आत, छाती बाहेर" करायला लावणारा हा माणूस. मी वैतागून त्यांच्या शेजारी चटईवर झोपले, माझ्या पोटावर दुसरा पुडा, आणि म्हटलं, पाहा, असं. माझाही हलला नाही. बाबांना अचानक भयंकर मजा वाटली. "अवं माय! तू तं श्वास बी घाईनंच घेऊन राहिली. गाडी सुटून राहिली काय?"

मग मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. लहानपणी कधी ठेवला असेल तेवढाच. मोठी झाल्यावर वडिलांना कोण हात लावतं? आजारी पडले तर कपाळाला, तेही क्षणभर. हाताखाली सदऱ्याचं मऊ झालेलं कापड होतं आणि त्याखाली ते पोट, माझ्या अंदाजापेक्षा खूप बारीक झालेलं. मी म्हटलं, "माझा हात वर ढकला." दोन-तीनदा नुसतीच छाती वर गेली. मग हात किंचित वर आला.

त्यानंतर रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, रिकाम्या पोटी, पीटीचा तास. आता मी फोन वहिनीला करायची, बाबांना नाही. दुधाने तोंड पोळलं होतं. "डाळ हलली का?" एवढंच विचारायची. ठेच्यासाठी वेगळं भांडण झालं, ते अजून चालू आहे. चहा दोनवर आला, तिसरा ते शेजारी जाऊन पितात असा मला दाट संशय आहे. रात्रीचं जेवण लवकर व्हायला लागलं, कारण तसं न केल्यास पीटीच्या तासाची गैरहजेरी लावू, असं वहिनीने सांगितलं. जळजळ कमी झाली. ती श्वासाने कमी झाली, गोळ्यांनी की लवकर जेवल्याने, हे मला सांगता येणार नाही, आणि छातीठोक सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खोकला कमी झाला. आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. थोडा वेळ चांगला चालायचा, मग अडायचा.

समितीने मधला मार्ग काढला. आषाढीला सुरुवात गुरुजी करतील, एखादं पान वाचतील, पुढे ते दुसरे गृहस्थ वाचतील. मला हा मधला मार्ग म्हणजे निरोप समारंभच वाटला. बाबा म्हणाले, "बरं."

मी रजा टाकून गेले. विहार भरलेला. वंदना झाली. बाबा पांढऱ्या सदऱ्यात ग्रंथासमोर बसले, शेजारी ते गृहस्थ, त्यांच्या मांडीवर दुसरी प्रत उघडलेली, ओळीवर बोट ठेवलेलं, म्हणजे बाबा थांबले की तिथूनच उचलता यावं. त्या बोटाकडे पाहून मला संताप आला.

बाबांनी वाचायला सुरुवात केली. तोच शुद्ध, सावकाश आवाज. अर्ध्या पानापर्यंत सगळं नीट गेलं आणि मग एका लांब वाक्याच्या मध्यावर आवाज अडला. खोकला नाही, नुसता अडला. बाबा थांबले. शेजारच्या गृहस्थांचं बोट ओळीवर सरकलं. माझ्या मनात एकच चाललं होतं, घ्या ना बाबा, लवकर घ्या श्वास, लवकर, लवकर!

बाबांनी ग्रंथावरचा हात उचलला आणि सगळ्यांसमोर पोटावर ठेवला. डोळे मिटले.  गृहस्थांनी घसा साफ केला आणि पुढचा शब्द उच्चारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने, अगदी मागून, भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. मी तिला ओळखत नव्हते. "थांबा हो भाऊ," ती म्हणाली. "गुरुजीले श्वास घेऊ द्या. आमाले काई घाई नाई."

इतके महिने त्या श्वासासाठी मी जिवाचं रान केलं होतं, आणि हे एक वाक्य मला बोलता आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मी ते भरू दिले.

गृहस्थांनी बोट काढलं. कोणी कुजबुजलं नाही, कोणी घड्याळ पाहिलं नाही. सदऱ्याखाली बाबांचं पोट सावकाश वर आलं, सगळ्यांना दिसेल इतकं वर आलं, आणि तितक्याच सावकाश खाली गेलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि ते वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतलं.